कृतीचा रकाना

दिवे लागले तेव्हा अण्णांचा उजवा हात वर होता.

उदगीरच्या सभागृहात दुपारचा खेळ होता. शेवटचा आयटम. मी पांढऱ्या मलमलीच्या पडद्यासमोर उभी होते आणि पडद्यावर माझी सावली होती. मी मान वळवली की ती मान वळवत होती. मग मी पडद्यापासून दूर चालत निघते आणि सावली तिथेच राहते. ती जरा वेळ माझ्याकडे बघते, मग हात उंचावून मला निरोप देते. आमच्या घरात या आयटमला 'सावली' एवढंच म्हणतात. 'जादूगार उस्तुरगे आणि मंडळी'चा खेळ तीन पिढ्या या एका आयटमवर उभा आहे. जत्रा कमिट्या आम्हाला बोलावतात त्या यासाठीच.

मी चौथं पाऊल टाकलं आणि सभागृहातले, रंगमंचावरचे, पडद्यामागचे सगळे दिवे एकदम लागले. छतातल्या यंत्रातून एका बाईचा शांत आवाज आला. "सादर होत असलेला प्रयोग नोंदणीकृत आहे. आपला परवाना आढळला नाही. कृपया थांबावे."

पडद्याआड अण्णा दिसत होते. माझे शहात्तर वर्षांचे वडील, काळ्या सदऱ्यात, एक हात वर केलेले. त्यांनी तो खाली घेतला नाही. सावलीनं आपण होऊन हलायचं नसतं, समोरच्याच्या पावलावर हलायचं असतं, आणि माझं पाऊल थांबलं होतं. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आरं, म्हातारा हाय की मागं!" काहीजण हसले. मग तेही हसायचे थांबले, आणि ते जास्त वाईट होतं.

मी पडद्यामागे गेले आणि त्यांचा हात धरून खाली आणला.

त्या यंत्राचं नाव 'उलगडा'. त्यामागचं गणित नवं नाही. भूकंपाच्या लाटा जमिनीवर मोजून खालचे थर कसे असतील ते भूगर्भशास्त्रज्ञ कित्येक वर्षांपासून सांगतात. परिणाम हाती आहे, कारण शोधायचं आहे. अडचण इतकीच, की एका परिणामाची कारणं असंख्य असू शकतात. 'उलगडा' ती सगळी तपासतं. खेळाची चित्रफीत दिली की ते स्वतःच्या पोटात लाखो खोटे रंगमंच उभारतं, प्रत्येकावर दिवे, आरसे, दोऱ्या, माणसं वेगवेगळी मांडून बघतं, आणि जो रंगमंच त्या चित्रफितीशी ठिपक्या-ठिपक्यानं जुळतो तेवढा ठेवतं. जादूगार प्रेक्षकाची नजर भलतीकडे वळवून आपलं काम साधतो. या यंत्राला नजरच नाही, त्यामुळे वळवायला काही नाही.

गाण्याचे हक्क असतात, नाटकाचे असतात. जादूचा हक्क म्हणजे तिचं गुपित. ते फुटलं की हक्क संपला. 'उलगडा' आल्यावर कुणाचंच गुपित उरलं नाही, तेव्हा कायदा झाला. कृती लिहून जो आधी नोंदवेल त्याला वीस वर्षं प्रयोगाचा हक्क. जुन्या खेळकऱ्यांना आधी अर्ज करायला सहा महिन्यांची सवलत होती.

अण्णांनी अर्ज केला होता. मुदतीच्या आत, वळणदार अक्षरात. नाव, गाव, घराणं, किती वर्षांपासून करता, सगळं भरलं. 'प्रयोगाची कृती' हा रकाना कोरा ठेवला.

तो आडमुठेपणा नव्हता. आमच्याकडे कृती बोलून दाखवत नाहीत. मी नऊ वर्षांची असताना अण्णांनी मला खांद्याला धरून पडद्यासमोर उभं केलं. दिवा कमी-जास्त केला. खांद्यावर बोट टेकलं की निघायचं. चुकलं की पुन्हा खांदा धरून जागेवर आणायचं. महिनाभर हे चाललं आणि त्यात एक शब्द नव्हता. घरातल्या घरातही त्याविषयी बोलायचं नाही, कारण बोललेलं कुणीतरी ऐकतंच. त्या रकान्यात लिहायला अण्णांजवळ शब्दच नव्हते. अर्ज 'अपूर्ण' असा शिक्का घेऊन परत आला. पुढे एका मोठ्या करमणूक कंपनीनं जत्रांच्या जुन्या चित्रफिती 'उलगडा'ला दिल्या आणि एका दिवसात अकरा हजार प्रयोग स्वतःच्या नावावर नोंदवले. आमची सावली त्यात चार हजार दोनशे सहावी.

उदगीरच्या त्या दिवसापासून हरकत घ्यायला तीस दिवस होते. आमच्या वकिलांनी कागद वाचले आणि चष्मा काढला.

"तुम्ही पूर्वीपासून करत होता, याला इथं किंमत नाही, ताई. तुम्ही परिणाम दाखवत होता. हक्क कृतीचा आहे. नोंदणीच्या आधी ती कृती घराण्याबाहेरच्या कुणाला तरी माहीत होती, आणि ती झाकून ठेवायचं बंधन त्याच्यावर नव्हतं, एवढं सिद्ध करा. मग ती सार्वजनिक होते. कुणाच्याच मालकीची नाही. मग खुशाल करा."

"आता अख्ख्या उदगीरनं अण्णांना बघितलंय की."

"नोंदणीच्या आधी," ते म्हणाले. "कधी कुणी फोडलं होतं का?"

अण्णा शेजारी बसले होते.

"फोडलं होतं," ते म्हणाले. "पोरानं."

ते खरं नव्हतं. फोडलं होतं मी.

दहावीत आम्हाला विज्ञानाचा प्रकल्प होता. देवणीकर बाईंनी एक कागद दाखवला, मधोमध तेलाचा डाग पडलेला. एका बाजूनं दिवा लावला की डाग दिसतो. दुसऱ्या बाजूनंही लावला आणि दोन्हीकडचा उजेड अगदी सारखा केला, की डाग नाहीसा होतो. उजेड कुठून येतोय हे कागदाला कळत नाही, आणि कागदाकडे बघणाऱ्यालाही नाही.

सहा वर्षं मी जे पायांनी करत होते ते मला डोक्यात दिसलं. समोरचा दिवा माझी सावली पाडतो. मागे दुसरा दिवा, आणि दिव्यापुढे माझ्यासारखाच उभा असलेला दुसरा माणूस. समोरचा उजेड जितका उतरेल तितकाच मागचा चढवायचा. दोन सावल्या एकमेकींवर नेमक्या बसलेल्या असतील, तर एक जाऊन दुसरी आली हे कुणालाच कळणार नाही. मग मी मोकळी. मी ते सगळं प्रकल्पवहीत लिहिलं, मापांसकट. त्या वेळी मागे उभा राहणारा दुसरा माणूस माझा भाऊ होता, मन्मथदादा. मी त्याचं नावही लिहिलं.

पुढच्या वर्षी हाळी गावच्या जत्रेत सावली चालू असताना गर्दीतून एक पोरगं ओरडलं, "दोन दिवे हायत! मागचा दिवा बगा!" अण्णांनी खेळ पुरा केला. तीन दिवसांनी सकाळी दादाची बॅग भरून ओसरीवर ठेवलेली होती. दादा पुण्याला नोकरी धरायची म्हणत होता, त्यावरून घरात आठवडाभर धुसफूस होती. अण्णांच्या लेखी फोडायला त्याच्याजवळ कारण होतं. अण्णांनी त्याला विचारलं नाही, कारण विचारायचं तर कृतीचं नाव घ्यावं लागलं असतं. दादानंही काही विचारलं नाही. आई तेव्हा हयात नव्हती. मी दाराशी उभी होते, सोळा वर्षांची, आणि मी गप्प राहिले. आधी भीतीनं. मग, आता बोलून काय उपयोग, म्हणून. बावीस वर्षं गेली.

आणि आता मला एकच आशा होती. बावीस वर्षांत रागाच्या भरात, एखाद्या बैठकीत, बायकोजवळ, दादानं खरंच कुणाला तरी सांगितलं असेल. सांगितलं असेल तर ते खरंच असेल. खोटं बोलावं लागणार नाही, आणि मलाही काही सांगावं लागणार नाही.

दादाचं परभणीला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी गेले तेव्हा तो एका पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. त्यानं मान वर केली, मला ओळखलं, आणि स्टुलाकडे हनुवटीनं खूण केली.

"अण्णा गेले काय?"

"नाही."

"मंग कामून आलीस?"

मी सगळं सांगितलं. यंत्र, कायदा, वर राहिलेला हात. हाताचं ऐकताना त्याची बोटं थांबली.

"दादा, तू कधी कुणाला सांगितलंस का?"

"काय?"

"सावलीचं. वहिनींना? मित्राला?"

तो हसला. "तुझी वहिनी अजून विचारती, तुमी तिकडं काय करत होता. म्हणलं, सतरंज्या घालत होतो. पोरगं म्हणायचं, पप्पा, तुमी सर्कशीत होता का? म्हणलं व्हय, हत्ती धुवायचो."

"कुणालाच नाही?"

"काय बघलालीस अशी? कुणालाच न्हाई." तो पुन्हा तार भरायला लागला. "घर सोडलं म्हणून घरातलं बाहीर काढायचं असतंय का?"

मला रडायला आलं आणि ते आनंदानं नव्हतं. हा माणूस बेइमान निघावा म्हणून मी दीडशे किलोमीटर आले होते.

"मग असं म्हणशील का? सुनावणीत. की तू सांगितलं होतंस. अण्णांना तसंही तेच वाटतंय."

"काय वाटतंय अण्णाला?"

तेव्हा मला कळलं की त्याला माहीतच नव्हतं. तो समजत होता, पुण्याच्या नोकरीपायी बापानं घराबाहेर काढलं. त्या समजुतीवर त्यानं बावीस वर्षं काढली होती. हट्टी बाप, हट्टी पोरगा. ते त्याला सोसता येत होतं.

मी त्याला हाळीची जत्रा सांगितली. मग प्रकल्पवही सांगितली. तो ऐकत होता. हातातली तार त्यानं हळूच खाली ठेवली, जशी ती तुटेल.

"म्हंजी अण्णा समजतेत, मी फोडलं."

"हो."

"बावीस वर्सं."

"दादा—"

"तुझ्या लग्नाला बोलावलं न्हाई. मला वाटलं, इसरले आसतील." त्यानं मोटारीवर फडकं टाकलं. "जा शिवा. आन् त्यांना घेऊन इकडं येऊ नकोस. मला जमायचं न्हाई."

देवणीकर बाई लातूरला मुलाकडे असतात. सत्तरीकडे झुकल्या आहेत, ऐकू कमी येतं. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला बसवलंसुद्धा नाही, सरळ कपाटापाशी नेलं. वही तिथे होती. माझं अक्षर, त्यांची सही, तारीख.

"मी तुझी वही परत दिलीच नाही, तुला आठवतं?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "दर वर्षी वर्गात वाचून दाखवायचे. उजेडाचा धडा आला की उस्तुरगेची वही."

"दर वर्षी?"

"निवृत्त होईपर्यंत. चौदा वर्षं."

चौदा वर्षं, चाळीस-चाळीस मुलं. साडेपाचशे मुलांना माहीत होतं, आणि ओरडलं फक्त एक.

"बाई, मुलं खेळाला यायची?"

"अगं, वाचून झालं की रांगेनं यायची! आणि परत येऊन मला म्हणायची, बाई, सगळं माहीत आहे तरी कळत नाही कधी झालं ते." त्या हसल्या. "तुझे वडील खूश असतील ना? केवढी बारीक मापं घेतली होतीस."

मी म्हणाले, हो.

सुनावणी लातूरलाच होती. अण्णांना मी एवढंच सांगितलं होतं की साक्षीदार मिळाला. त्यांनी कोट इस्त्री करून घेतला होता. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मुरुड मागे पडल्यावर... नाही, मुरुड त्या रस्त्यावर नाही, नळेगाव असेल. त्या दिवशीचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की ते अचानक म्हणाले, "जाडजूड झाला का?"

"कोण?"

"मन्मथ. येणार हाय न्हवं?" आणि थोड्या वेळानं, "कबूल करलाय म्हंजी मोठं मन झालं म्हणायचं त्याचं. मी काय बोलणार न्हाई त्याला. तू बी बोलू नको."

मला तेव्हाच गाडी थांबवून सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. पंचवीस किलोमीटर मी त्यांना मुलाची वाट बघू दिली.

खोली लहान होती. एका बाजूला कंपनीचा तरुण वकील, पडद्यावर 'उलगडा'नं काढलेली आमची आकृती. दोन दिवे, दोन माणसं, कोनांसकट. अण्णा तिच्याकडे पाठ करून बसले. दारात पाऊल वाजलं की त्यांची मान वळायची. देवणीकर बाई आत आल्या तेव्हा त्यांनी बाईंच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

बाईंनी वही दिली. कंपनीच्या वकिलानं तारीख तपासली, कागद तपासला, मग विचारलं, "ही वही लिहिणारी व्यक्ती घराण्यातलीच आहे. बाईंना गुपित राखायची अट घातली नव्हती, हे कुणी सांगायचं?"

सुनावणी अधिकारी साधारण माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वही कुणी लिहिली?"

मी उभी राहिले. माझ्या डाव्या बाजूला अण्णांच्या कोटाला इस्त्रीचा वास येत होता.

"मी. शिवलीला बसलिंग उस्तुरगे. दहावीत होते. कुठलीही अट घातली नव्हती. मी स्वतः होऊन सांगितलं. माझ्या भावानं कुणालाही काहीही सांगितलेलं नाही, तेव्हाही नाही आणि आजपर्यंत नाही. हेही नोंदवून घ्या."

"त्याची इथे गरज नाही," अधिकारी म्हणाल्या.

"तरी घ्या."

त्यांनी घेतलं. मग नियमाप्रमाणे, सार्वजनिक ठरणाऱ्या प्रयोगाची कृती मोठ्यानं वाचून नोंदवहीत घालायची असते, म्हणून त्यांनी माझी वही वाचली. समोरचा दिवा. मागचा दिवा. समोरचा जितका उतरेल तितकाच मागचा चढवावा. मागे माझा भाऊ मन्मथ उभा राहतो. अण्णांनी ती कृती आयुष्यभर केली होती आणि ती शब्दांत पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचे ओठ किंचित हलत होते. ते अडवत होते की पाठ करत होते, मला सांगता येणार नाही.

चार हजार दोनशे सहा क्रमांकाची नोंद रद्द झाली. सावली आता कुणाचीही नाही. कुणीही करावी.

बाहेर एक बाक होतं. अण्णा त्यावर बसले. मी समोर उभी राहिले. ते मला मारतील असं मला वाटलं. मारावं असंही वाटलं. त्यांनी वर पाहिलं.

"का सांगितलीस?"

त्यांनी मला विचारलेला तो पहिला असा प्रश्न. मी खूप उत्तरं करून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मला कळलं होतं ना, अण्णा. इतकं नीट, इतकं सुंदर होतं ते. कळल्यावर राहवेना. कुणाला तरी सांगायचं होतं."

"मला सांगायचंस."

"तुम्हाला सांगता येत नव्हतं."

ते म्हणाले, "व्हय. माज्याशी कुणाला काय सांगताच येत नव्हतं," आणि बाकाच्या कडेला हात टेकून उठले. "चल. परभणीला."

"दादा म्हणालाय, तुम्हाला आणू नकोस."

"म्हणू दे. हाकलून देऊ दे. त्याच्या दारात जाऊन हाकलून घ्यायचंय मला."

परभणीला पोचलो तेव्हा दुकान उघडं होतं. दादा पाठमोरा, एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. गिऱ्हाईक गेलं. दादा वळला. अण्णा पायरीच्या खालीच उभे होते, ऊन तोंडावर, कोट घातलेला. दादानं आधी माझ्याकडे पाहिलं, असं पाहिलं की मी मागे सरले. मग त्यानं स्टूल ओढलं आणि दाराकडे पाठ करून कामाला बसला.

अण्णा तसेच उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेजारचा पानवाला बघायला लागला. मी त्यांचा दंड धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला.

"मन्मथ," ते म्हणाले, "मी तुला इचारलं न्हाई."

आत हातोडीचा आवाज चालू होता.

"बॅग भरली. तोंडानं इचारलं न्हाई. चुकलं माजं."

हातोडी थांबली. दादा वळला नाही. पाठीमागूनच म्हणाला, "मंग इचारा की आता."

सगळ्या रस्त्यानं, त्या पानवाल्यानं, समोर स्कूटर उभी करून थांबलेल्या पोरींनी ऐकलं, इतक्या मोठ्यानं अण्णा म्हणाले, "तू सावलीचं कुणाला सांगितलंस का रे?"

दादा उठून दारात आला. त्याचं तोंड ओलं होतं आणि संतापलेलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "न्हाई सांगितलं."